डिस्चार्ज कार्डानंतरचे दीड वर्ष

डिस्चार्ज कार्डावर 'प्रकृती स्थिर, बसल्या जागी ऑक्सिजनशिवाय ९४ टक्के, आहार नेहमीचा, दोन आठवड्यांनी दाखवणे' असे लिहिलेले होते आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्या कार्डात जे लिहिलेले नव्हते ते असे, की मला खुर्चीच्या हातांवर जोर दिल्याशिवाय उठता येत नव्हते, अंगातला सदरा स्वतः काढताना धाप लागत होती आणि आंघोळीच्या पाण्याचा तांब्या डोक्याच्या वर नेणे हे त्या दिवसाचे सर्वांत मोठे काम ठरत होते. मे २०२१ च्या मध्यास लातूरमधील एका खासगी रुग्णालयातून कोरोनाचे उपचार घेऊन मी घरी आलो तेव्हा माझे वय ७१ होते. माध्यमिक शाळेत गणित शिकवण्यात उभे आयुष्य गेल्यामुळे आजारपणाकडेही मी सुरुवातीला एका उदाहरणासारखेच पाहत होतो, म्हणजे विषाणू गेला, रिपोर्ट निगेटिव्ह आला, आता उत्तर काढून खाली दुहेरी रेघ मारायची तेवढी राहिली, अशी माझी आणि घरच्यांचीही समजूत होती. प्रत्यक्षात उदाहरणाचा मोठा भाग अजून सोडवायचाच होता.

आजाराचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो त्या वर्षी ज्यांच्या घरी कोरोना शिरला त्यांना वेगळा सांगण्याची गरज नाही. साठ वर्षांवरील लोकांचे लसीकरण १ मार्च २०२१ पासून सुरू झाले होते आणि मी पहिला डोस घेतलेला होता, परंतु दुसऱ्या डोसाची वेळ येण्यापूर्वीच एप्रिलच्या अखेरीस ताप आला. छातीच्या सीटी स्कॅनचा, म्हणजे एचआरसीटीचा, स्कोअर २५ पैकी १४ आला, ऑक्सिजनची पातळी घसरली आणि मास्क, मोठ्या प्रवाहाचा ऑक्सिजन, पालथे झोपवणे, स्टिरॉइड, रक्त पातळ करणारी इंजेक्शने असा सगळा क्रम झाला. बेड मिळाला हेच त्या दिवसांत भाग्य समजले जात होते. माझ्या शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ माझ्यापेक्षा वयाने लहान होते. ते परत गेले नाहीत. त्यांचा विचार पुढे अनेक महिने माझ्या झोपेत येत राहिला, त्याविषयी पुढे लिहीन.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे आमचे सगळे लक्ष ऑक्सिजनवर होते. मुलाने भाड्याने पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर आणला होता, कारण चालताना माझी पातळी खाली जात असे. बाहेर मे महिन्याचे ऊन, त्यात लाइट केव्हा जाईल याचा नेम नाही आणि तीनशे-साडेतीनशे वॅटचे ते यंत्र घरच्या इन्व्हर्टरवर फार वेळ चालत नाही, त्यामुळे लाइट गेली की पंखे, टीव्ही, सगळे बंद करून फक्त ते यंत्र चालू ठेवायचे असा घरचा नियम झाला. यंत्राइतकाच ताप ऑक्सिमीटरने दिला. मी तो बोटाला लावून तासन्‌तास आकड्याकडे पाहत बसे. ९५ चे ९३ झाले की छातीत धडधड सुरू होई आणि धडधडीने धाप वाढे. शेवटी डॉक्टरांनी सांगितले, की बसल्या जागी वारंवार मोजण्याला अर्थ नाही. दिवसातून दोनदा, आधी बसून आणि मग घरातल्या घरात सहा मिनिटे चालून मोजा आणि दोन्हींतला फरक लिहून ठेवा. त्या दिवसापासून सौभाग्यवतींनी तो ऑक्सिमीटर देवघराच्या वरच्या फळीवर ठेवून दिला, जिथे माझा हात पोचत नव्हता. हात वर करता येणे हाही प्रगतीचा एक टप्पा आहे, हे त्यांच्या ध्यानात होते की नाही कोण जाणे. जूनच्या अखेरीस कॉन्सन्ट्रेटर परत गेला आणि घरात सर्वांना वाटले की आजार संपला.

स्टिरॉइडविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. ज्यांना ऑक्सिजन लागतो अशा रुग्णांमध्ये डेक्सामेथासोनने मृत्यू कमी होतात, हे ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतून जून २०२० मध्ये स्पष्ट झाले होते आणि माझा जीव वाचण्यात त्या औषधाचा वाटा आहे असे मी मानतो. परंतु म्हाताऱ्या शरीराकडून ते आपली किंमत वसूल करते. माझी साखर आधी काठावर होती, ती चांगलीच वर गेली आणि काही दिवस इन्सुलिन घ्यावे लागले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नसे, तोंडात पांढरा थर आला आणि मांड्यांची ताकद विशेष करून गेली, कारण हे औषध जास्त दिवस चालले तर खांद्यांचे व मांड्यांचे मोठे स्नायू अशक्त करते. गोळ्या एकदम बंद न करता हळूहळू कमी करत न्याव्या लागल्या. त्याच महिन्यात म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, बातम्या सुरू झाल्या. साखर वाढलेली, स्टिरॉइड चाललेले आणि गाल थोडा दुखला की घरात सगळ्यांचे चेहरे उतरत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने नाक तपासून काही नाही असे सांगितले, तेव्हा कुठे घरात नीट जेवण झाले. साखर मात्र दररोज मोजा, ती ताब्यात ठेवणे हाच मोठा बचाव आहे, हे त्यांनी दोनदा बजावले.

आता मूळ मुद्द्यावर येतो, तो म्हणजे पाय. फुप्फुसांची चर्चा सर्वांनी केली, पायांची कोणीच केली नाही. ६४ किलोंवरून माझे वजन ५५ वर आले होते आणि गेलेल्या वजनात चरबीपेक्षा मांस जास्त होते, हे मांडीभोवती सैल पडलेल्या कातडीवरून दिसत होते. गावाकडून आमच्या शेतीचा वाटेकरी भेटायला आला, त्याने दारातूनच 'सर, लई वाळलाव की तुम्ही' असे म्हटले आणि मग सौभाग्यवतींनी डोळे वटारल्यावर 'पण तोंडावर तेज हाय' अशी दुरुस्ती केली. पुढे मुलाने ओळखीतून गाठून दिलेल्या फिजिओथेरपिस्टबाईंनी मला एक गोष्ट सांगितली, ती गणिताच्या माणसाला पटकन उमजली. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी माणसांना दहा दिवस फक्त अंथरुणावर ठेवले, तर तेवढ्यात त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो चरबीविरहित वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, घटले. ती माणसे निरोगी होती. त्यांना ताप नव्हता, स्टिरॉइड नव्हते, अन्न पोटात जात होते. मग माझे काय झाले असेल याचा हिशेब करणे अवघड नव्हते.

आणि याच ठिकाणी आमच्या घरातल्या प्रेमाची अडचण होऊ लागली. आपल्याकडे आजारातून उठलेल्या वडीलधाऱ्याला हलू न देणे हीच सेवा समजली जाते. मी पाणी प्यायला उठलो की सूनबाई 'बाबा, तुम्ही बसा, मी देते' म्हणत धावत येत, पेपर नातू आणून देई, पायात चपला कोणीतरी सरकवून देई आणि भेटायला येणारा प्रत्येक माणूस 'आता वर्षभर नुसता आराम करा' असा सल्ला देऊन जाई. सर्वांचा हेतू निर्मळ होता यात शंका नाही. परंतु अशा आरामात जाणारा प्रत्येक दिवस उरलेसुरले स्नायू घेऊन जात होता. फिजिओथेरपिस्टबाईंनी घरच्या सर्वांना समोर बसवून सांगितले, की सरांना जे काम स्वतः करता येते ते, वेळ लागला तरी, त्यांनाच करू द्या. पडू नयेत एवढे बघा. सूनबाईंना ते ऐकताना वाईट वाटले हे मला दिसत होते, तरी दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा तांब्या मुद्दाम स्वयंपाकघरातच राहू लागला.

व्यायाम दिसायला अगदी किरकोळ होते. टणक बैठकीच्या खुर्चीवरून छातीवर हात घेऊन उठणे आणि बसणे, आधी जमेल तेवढेच. भिंतीला धरून टाचा उचलणे. बसून पाय समोर सरळ करणे. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणे. आणि तीन चेंडूंच्या त्या निळ्या यंत्रात श्वास ओढणे. चेंडूंचे यंत्र नातवाला फार आवडे आणि तिन्ही चेंडू तो एका दमात वर नेऊन मला हिणवी. व्यायाम किती करायचा याचे प्रमाण मात्र बाईंनी नेमके ठरवून दिले होते: करताना वाक्य बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता येऊ नये. वाक्यही तुटू लागले तर थांबायचे.

शहरातल्या लेखांत ज्याचा उल्लेख सहसा नसतो असा एक अडथळा आमच्याकडे होता, तो म्हणजे शौचालय. आमचे जुने घर, त्यातले शौचालय बसायचे, म्हणजे उकिडवे बसून उठण्याचे. जिथे खुर्चीवरून उठता येत नाही तिथे तिथून काय उठणार? रुग्णालयातून आल्याबरोबर भांडे ठेवायची लोखंडी खुर्ची घेतली, पुढे भिंतीत दोन्ही बाजूंनी पकडायला दांडे बसवले. ज्यांच्या घरी वयस्कर माणूस रुग्णालयातून यायचा आहे त्यांनी फळांच्या टोपल्या आणण्यापूर्वी गवंडी बोलवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अशक्त माणूस पडतो तो बहुधा रात्री, न्हाणीघराच्या वाटेवर, आणि या वयात खुब्याचे हाड मोडले तर कोरोनातून वाचण्याला काही अर्थ राहत नाही.

आहाराबाबत सल्ले पुष्कळ मिळाले आणि बहुतेक निरुपयोगी होते. काढा तर इतक्या प्रकारचा आला की पोटात आग पडू लागली आणि डॉक्टरांनी तो पूर्ण बंद करवला. त्यांचे म्हणणे सरळ होते: आजारातून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात; तुमची मूत्रपिंडे ठीक आहेत, तेव्हा दिवसाला ७० ग्रॅम धरून चला. घरात माळ असल्यामुळे अंडी वर्ज्य. मग मी वहीत हिशेब मांडला. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम, तुरीच्या डाळीत व हुलग्यात २२ च्या आसपास, शेंगदाण्यात २५, पेलाभर दुधात सहा-साडेसहा. दोन भाकरी आणि वाटीभर पातळ वरणावर माझी बेरीज तिशीच्या पुढे सरकत नव्हती. आपण ज्याला भरपेट जेवण म्हणतो ते या दृष्टीने किती अपुरे असते, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळले. त्यानंतर वरण घट्ट झाले, दुपारी मटकी नाहीतर सोयाबीनच्या वड्या, संध्याकाळी पनीर किंवा दही आणि आमच्या आईच्या काळातले हुलग्याचे माडगे, साखरेमुळे गूळ वगळून मीठ-जिरे घालून केलेले, पुन्हा घरात आले. माडग्याने ताकद येते असे जुनी माणसे म्हणत. ती व्यायामाशिवाय येत नाही, एवढी भर मी त्यात घालीन.

जेवणाला चव नव्हती ही वेगळीच अडचण. वास सुरुवातीला पूर्ण गेला होता आणि परत येताना वाकडा आला. कांद्याच्या फोडणीला जळक्या रबरासारखा वास येई आणि मी ताटावरून उठून जाई. त्यावर गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास सकाळ-संध्याकाळ एकेक करून, मन लावून घेण्याचा सराव सांगितला होता, किमान बारा आठवडे. त्याने फायदा झाला की काळाने, हे सांगता येणार नाही, पण २ जानेवारी २०२२ च्या येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात कोपीसमोर बसलो असताना त्या दिवशीच्या भज्जीचा, म्हणजे मिसळीच्या भाजीचा, वास जसा असतो तसा आला. केस तिसऱ्या महिन्यात मुठीने गळले, ते मात्र काही न करता पुन्हा आले, होते तेवढे.

ऑक्टोबरपर्यंत मी घरात काठीशिवाय हिंडत होतो आणि जिन्याच्या मधल्या टप्प्यावर एकदा थांबून गच्चीवर जात होतो. खरी गोंधळात टाकणारी गोष्ट त्यानंतर घडली. नोव्हेंबरमध्ये आम्हा पेन्शनरांना बँकेत हयातीच्या दाखल्यावर सही करायला जावे लागते. त्या दिवशी बरे वाटत होते म्हणून सहीनंतर गंजगोलाईच्या बाजारातून थोडी खरेदी केली, जुने सहकारी भेटले, उभ्याने बराच वेळ गप्पा झाल्या. त्या रात्री काहीच झाले नाही. एक दिवस सोडून पुढच्या सकाळी मात्र अंथरुणातून पाय खाली टाकवेना; अंग दुखते आहे, डोके जड, बोललेले ऐकू येते पण समजायला वेळ लागतो, ताप नाही, ऑक्सिजन ९७. हे आठवडाभर राहिले. ईसीजी, टूडी इको, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ सगळे तपासले आणि सगळे नॉर्मल आले. 'सगळे नॉर्मल आहे' हे वाक्य आनंदाने सांगितले जाते, पण ज्याला उठता येत नाही त्याला ते ऐकताना आपण सोंग करतो आहोत की काय असे वाटू लागते.

सुदैवाने आमच्या डॉक्टरांनी मला तसे वाटू दिले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्येच या अवस्थेची, म्हणजे लाँग कोविडची, व्याख्या दिली होती: आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने न उलगडणारी लक्षणे, थकवा, धाप आणि विचारांतला गोंधळ ही त्यांत प्रमुख. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी कोसळणे हाही त्याचाच प्रकार, असे त्यांनी सांगितले आणि व्यायाम वाढवण्याऐवजी श्रमांची वाटणी करायला लावली. मला ते पेन्शनच्या हिशेबासारखे वाटले. महिन्याची रक्कम ठरलेली आहे, पाच तारखेलाच उडवली तर पुढचे दिवस उसनवारीवर काढावे लागतात. म्हणून बँकेच्या दिवशी बाजार नाही, पाहुणे आले तर त्या संध्याकाळी जिना नाही आणि बरे वाटते त्या दिवशीसुद्धा ठरल्यापेक्षा जास्त नाही. एकीकडे आरामाने स्नायू जातात आणि दुसरीकडे अतिश्रमाने माणूस आडवा होतो, या दोहोंमधली वाट फार अरुंद आहे आणि ती ज्याची त्याला चालूनच सापडते. माझी सापडायला पुढचा उन्हाळा उजाडला.

मनाविषयी लिहायचे राहिले. रुग्णालयातल्या काही रात्री मला आपण दहावीच्या परीक्षेवर पर्यवेक्षक आहोत आणि खाटांवर पोरे उत्तरपत्रिका न लिहिता झोपली आहेत असे खरोखर दिसत होते. मी नर्सला घंटा का होत नाही म्हणून रागावलो, असे पुढे कळले. वयस्कर माणसांना तीव्र आजारात असा भ्रम होणे नवे नाही, तरी घरी आल्यावर मला त्याची लाज वाटे आणि वेड लागेल की काय अशी धास्तीही. त्यानंतर विद्यार्थ्यांची नावे आठवेनाशी झाली, पेपरातला अग्रलेख शेवटापर्यंत जाईना. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ रात्री दिसत आणि आपण वाचलो ते कशासाठी, हा प्रश्न पडे. आमच्या पिढीत या गोष्टीसाठी डॉक्टरकडे जाणे म्हणजे डोके फिरल्याची कबुली. मुलाने त्यावर वाद घातला नाही, नुसती वेळ घेतली आणि गाडी दारात उभी केली. थोडे महिने एक सौम्य गोळी घेतली, झोप परतली आणि झोपेबरोबर निम्मी स्मरणशक्तीही. उरलेल्या निम्म्यासाठी मी पावकी, निमकी, दीडकी (अपूर्णांकांचे जुने पाढे) म्हणू लागलो. ती अडखळत का होईना पूर्ण म्हणता आली त्या दिवशी मला एचआरसीटी चांगला आल्यापेक्षा जास्त बरे वाटले.

एचआरसीटीदेखील वर्षाच्या आत बराच निवळला होता. खालच्या बाजूला थोडे पट्टे राहिले आहेत, ते राहतील असे डॉक्टर म्हणाले. लसीचा दुसरा डोस बरे झाल्यानंतर तीन महिन्यांनी घेतला, नंतर फ्लूची आणि न्यूमोनियाची लसही घेतली. २०२२ ची दिवाळी आली तेव्हा मी गच्चीवर न थांबता जात होतो, जमिनीवर पंगतीला बसून एक हात टेकवून उठत होतो आणि नळाला पाणी आले की, ते लातुरात रोज येत नसल्यामुळे, घागरी भरण्याच्या कामात पुन्हा धरला जात होतो. पहिल्यासारखा झालो असे मात्र मी म्हणणार नाही. दुपारची झोप आता चुकवता येत नाही, घाईने बोललो तर वाक्याच्या शेवटी हवा कमी पडते, साखरेची गोळी कायमची लागली आणि शौचालयातले दांडे काढलेले नाहीत.

अलीकडे आमच्या गल्लीतल्या एक काकू फ्लूमुळे न्यूमोनिया होऊन रुग्णालयात होत्या. ऐंशीच्या घरातले वय, घरी आल्या तेव्हा त्यांच्या मुलांनी मला मुद्दाम बोलावून आपली सगळी तयारी दाखवली: नवी वर-खाली होणारी खाट, खाटेलाच जोडलेले जेवणाचे टेबल, उशाशी बेल आणि दिवसरात्र माणूस. ऑक्सिमीटरवर ९६ होते. मी एक टणक खुर्ची मागवली, खाटेशेजारी भिंतीला टेकवून ठेवली आणि काकूंना यात बसून उठता येते का, असे विचारले. थोरला मुलगा काही बोलणार एवढ्यात काकूच म्हणाल्या, 'उठता येतंय की सर मला. ही पोरं उठू देईनात.'